भावाच्या गुरुदीक्षेसाठी चॅझुबल शिवताना

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: धाकट्या भावाची गुरुदीक्षा, म्हणजे धर्मगुरू होण्याचा विधी, एप्रिलच्या शेवटी, ईस्टरनंतरच्या पुनरुत्थानकाळात आहे आणि त्याची मिस्साची वस्त्रे, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत धर्मगुरू घालतो तो झगा आणि त्यावरचे चॅझुबल, मुंबईहून तयार आणण्याऐवजी नवापूरलाच शिवून घ्यावीत असे घरच्यांच्या मनात आहे. आईला स्वतःच्या लग्नातल्या शालूचा काठ त्यावर लावायचा आहे. एका नातेवाइकाने सांगितले की हे सगळे रोमन सरदारांचे कपडे आहेत, त्यांना धार्मिक अर्थ असा काही नाही, तेव्हा हवे तसे शिवा. दुसऱ्याने सांगितले की देवाने मोशेला सांगितलेला तो पोशाख आहे, त्यात एक टाकाही इकडचा तिकडे करता येत नाही. शेवटी तुम्ही विचारले आहे की भगवा रंग चालेल का.

मी भुसावळला शिवणकाम करतो. गेली ३१ वर्षे गणवेशांच्या जोडीने मिस्साची वस्त्रेही शिवत आलो आहे आणि आमच्या धर्मग्रामाच्या सॅक्रिस्टीची, म्हणजे जिथे फादर वस्त्रे घालून तयार होतात त्या खोलीची, व्यवस्थाही पाहतो. त्या अनुभवावरून सांगतो की तुमचे दोन्ही नातेवाईक अर्धे बरोबर आहेत, पण दोघांपैकी एकाचेच ऐकून कात्री चालवली तर वस्त्र चुकेल. या कपड्यांतले काय परंपरेने आले असून जसेच्या तसे ठेवायचे आहे आणि काय प्रत्येक देशाने आपापले घालायचे आहे, हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न आहे. तेवढे उलगडले की शालूचे आणि भगव्याचे उत्तर त्यातूनच निघते. काही गोष्टी मात्र तुमच्या बिशपांवर आणि गुरुदीक्षेच्या दिवशी कोणता सण येतो त्यावर अवलंबून आहेत.

आधी पहिल्या नातेवाइकाचे पाहू. ख्रिस्तसभेच्या पहिल्या काही शतकांत धर्मगुरूंचा वेगळा पोशाख नव्हता. आज आपण ज्याला आल्ब म्हणतो तो पायघोळ पांढरा झगा म्हणजे रोमन माणसाचा रोजचा ट्युनिका. त्याच्यावर येणारे चॅझुबल म्हणजे तेव्हाचे पेन्युला: थंडीपावसात आणि प्रवासात घालायचे, मध्ये डोक्यापुरते भोक असलेले जाड पांघरूण. त्यालाच पुढे कासुला, म्हणजे ‘छोटे घर’, असे नाव पडले आणि चॅझुबल हा शब्द त्यातूनच आला. ते सरदारांचे वस्त्र नव्हते. वाटसरू, गाडीवान, सैनिक असे सगळेच ते वापरीत. आपल्याकडे आषाढात शेतकरी घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतो, तिची आठवण यावी असे ते पांघरूण होते.

वेगळा पोशाख करण्याला सुरुवातीला चक्क विरोध होता. इसवी सन ४२८ मध्ये पोप सेलेस्टीन पहिले यांनी दक्षिण गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या बिशपांना पत्र लिहून, काही जणांनी खास झगे आणि कमरपट्टे घालायला सुरुवात केल्याबद्दल सुनावले. आपण लोकांहून वेगळे ओळखले जावे ते शिकवणुकीने आणि वागणुकीने, कपड्याने नव्हे, असा त्या पत्राचा आशय आहे. मी नवीन मुलाला हे काम शिकवायला घेतो तेव्हा हे पत्र पहिल्या दिवशी सांगतो, कारण ते माहीत असले की माणूस जरीच्या मागे वाहवत नाही.

मग हे कपडे पवित्र कसे झाले? बदलली ती लोकांची फॅशन. उत्तरेकडच्या टोळ्या रोमन प्रदेशात स्थिरावल्या तसे आखूड अंगरखे आणि विजारी रूढ झाल्या. वेदीपाशी मात्र जुना पायघोळ झगा आणि पांघरूण तसेच राहिले. हे आपल्याला समजायला अवघड नाही. आपल्या आजोबांच्या पिढीत धोतर आणि उपरणे हा शेतात जायचाही वेश होता. नातवंडे पँट घालू लागली आणि तेच धोतर आता पूजेपुरते आणि लग्नापुरते उरले. ते कोणी मुद्दाम पवित्र ठरवले नाही, ते पवित्र प्रसंगी मागे राहिले, आणि मागे राहिल्यामुळेच त्याला मान आला. सातव्या शतकापर्यंत त्याचे नियमही झाले. ६३३ च्या टोलेडोच्या धर्मपरिषदेने डीकनने, म्हणजे पुरोहितपदाच्या आधीच्या पायरीवर असलेल्या सेवकाने, एकच स्टोल, म्हणजे खांद्यावरून घ्यायची लांब पट्टी, घ्यावा आणि तो डाव्या खांद्यावर घ्यावा असे ठरवले. ६७५ च्या ब्रागाच्या परिषदेने पुरोहिताने स्टोल दोन्ही खांद्यांवरून कसा घ्यावा ते सांगितले. डीकनचा स्टोल आजही डाव्या खांद्यावरून तिरका उजव्या कुशीकडे येतो. म्हणजे गुरुदीक्षा होईपर्यंत डीकन असलेला तुमचा भाऊ त्या दिवशी ज्या पद्धतीने स्टोल घालून देवळात येईल ती पद्धत जवळजवळ १४०० वर्षे जुनी आहे.

आता दुसरे नातेवाईक. बायबलमधल्या निर्गम या ग्रंथाच्या २८ व्या अध्यायात मोशेचा भाऊ, याजक अहरोन याची वस्त्रे सांगितली आहेत हे खरे, पण त्यातला बारा रत्नांचा उरपट किंवा झग्याच्या घेराला लावलेली सोन्याची घुंगरे आपल्या मिस्साच्या वस्त्रांत कुठेही नाहीत. वस्त्रे आधी होती, अर्थ नंतर आले. नवव्या शतकातल्या लेखकांनी एकेका वस्त्राचा अर्थ लावायला घेतला, त्यांतल्या काहींनी अहरोनाच्या वस्त्रांशी तुलना केली, आणि पुढे प्रत्येक वस्त्र घालताना म्हणायच्या प्रार्थना तयार झाल्या. अर्थ नंतर लागला म्हणून तो खोटा ठरतो असे मात्र मला मुळीच वाटत नाही. मंगळसूत्राचे मणीही आधी मणीच असतात.

याचे सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे ॲमिस. हा मानेभोवती गुंडाळून आल्बच्या गळ्यात खोचायचा पांढरा सुती चौकोन असतो, त्याला दोन लांब नाड्या असतात. त्याचे मूळ काम मानेचा घाम टिपणे आणि वरच्या किमती वस्त्राचा गळा राखणे. भुसावळच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांना टेकलेला असताना, ज्याने मिस्सा संपल्यावर हे कापड हातात घेतले आहे त्याला त्याचे काम समजावून सांगावे लागत नाही. ते पिळले तर पाणी निघते. पण ते घालताना पुरोहित क्षणभर डोक्याला लावतो आणि ‘माझ्या मस्तकावर तारणाचे शिरस्त्राण ठेव’ अशी प्रार्थना म्हणतो. शिरस्त्राणाची ही उपमा बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातली आहे. घाम टिपण्याचे फडके आणि तारणाचे शिरस्त्राण या दोन्ही गोष्टी एकाच कापडात एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि मिस्साच्या वस्त्रांबद्दल मला जे काही कळले आहे ते सगळे या एका चौकोनात आहे. आल्ब घालताना कोकराच्या रक्तात धुऊन शुभ्र होण्याची प्रार्थना आहे, कमरेची दोरी बांधताना शुद्धतेची, स्टोल घेताना आदिपित्याच्या पापाने गमावलेल्या अमरत्वाची. चॅझुबल घालताना ‘माझे जू सोयीचे व माझे ओझे हलके आहे’ हे ख्रिस्ताचे शब्द येतात. ते सगळ्यांच्या वर येते आणि सगळे झाकते म्हणून त्याला प्रीतीचे वस्त्रही म्हणतात. डाव्या मनगटावर घ्यायचा मॅनिपल, जो मुळात हातरुमालच होता, तो १९६७ पासून बंधनकारक राहिलेला नाही, त्यामुळे तो शिवायची गरज नाही.

आकाराबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमचा शिंपी इथेच अडेल. मुळातले चॅझुबल घंटेसारखे गोल होते. अर्धवर्तुळाकार कापड पुढे आणून जोडले की ते तयार होई आणि हात वर करायचा तर बाजूचे कापड गोळा करून दंडावर घ्यावे लागे. तेराव्या शतकाच्या सुमारास पवित्र भाकर उंच धरून लोकांना दाखवण्याची प्रथा रूढ झाली, कापडही भरतकामाने जड होत गेले, आणि हात मोकळे राहावेत म्हणून बाजू कापल्या जाऊ लागल्या. त्या कापत कापत शेवटी पुढून व्हायोलिनसारखी आणि मागून पाटीसारखी सपाट दिसणारी वस्त्रे आली. एकोणिसाव्या शतकात पुन्हा रुंद, घडी पडणाऱ्या आकाराकडे ओढ सुरू झाली. रोमने १९२५ मध्ये त्याला हात आखडता घ्यायला लावला आणि १९५७ मध्ये तो निर्णय बिशपांवर सोपवला. आज बहुतेक ठिकाणी रुंद आकारच दिसतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे व्हायोलिनच्या आकाराचे एक जुने चॅझुबल अस्तर बदलायला आले होते. वरून झिजलेले लाल रेशीम, मध्ये कडक बक्रम आणि आतून मांजरपाट. अस्तर उसवल्यावर दिसले की पाठीवरच्या जरीच्या उभ्या पट्टीखाली कापडाचे तीन तुकडे जोडलेले होते. कापड पुरले नव्हते आणि ज्याने कोणी ते शिवले त्याने जोड बरोबर पट्टीखाली घेतला होता. जोड झाकणे हे त्या पट्टीचे फार जुने काम आहे. मी ते तीनही तुकडे तसेच ठेवून नवे अस्तर लावले.

त्या पट्टीची गोष्ट मी मुद्दाम सांगितली, कारण तुमच्या आईच्या शालूची जागा तीच आहे. चर्चच्या आजच्या नियमांनुसार मिस्साच्या वस्त्रांसाठी पारंपरिक कापडाबरोबर त्या त्या प्रदेशातले नैसर्गिक धाग्याचे कापड चालते, आणि प्रतिष्ठेला शोभणारे कृत्रिम धाग्याचेही चालते. वस्त्राचे सौंदर्य नक्षीच्या गर्दीतून येऊ नये, ते कापडातून आणि आकारातून यावे, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा शालूचा काठ पुढे आणि मागे मधोमध उभा लावा आणि तिथेच थांबा. त्यावर पुन्हा मण्यांचा क्रूस, द्राक्षाचे घोस आणि कबूतर चढवू नका. काठावर मोर असतील तर बिचकू नका. मोर हे सुरुवातीच्या ख्रिस्ती कलेत अमरत्वाचे आणि पुनरुत्थानाचे चिन्ह होते, कारण मोराचे मांस कुजत नाही असा तेव्हा समज होता. संत ऑगस्टीन यांनीही त्याचा उल्लेख केला आहे. राव्हेन्नाच्या चर्चमधल्या दगडी नक्षीत मोर आहेत. पुनरुत्थानकाळातल्या गुरुदीक्षेला येवल्याच्या पैठणीतला मोरही तितकाच शोभेल.

पण शालू कापण्याआधी दोन गोष्टी तपासा. काठाचे एक टोक घडी घालून अंगठ्याने दाबा. घडीवर धागे तुटले तर रेशीम संपले आहे, ते वस्त्रावर वर्षभरही टिकणार नाही. दुसरे म्हणजे ओल्या पांढऱ्या कापडाने काठ घासून पाहा. जुन्या शालूचा लाल रंग सुटतो आणि पांढऱ्या चॅझुबलवर घामाने तो उतरला तर निघत नाही. माझ्या हातून एकदा ही चूक झाली होती. वस्त्र पहिल्याच मिस्सात गळ्यापाशी गुलाबी झाले आणि ते घेऊन आलेल्या त्या आईचा चेहरा मला अजून आठवतो. काठ चांगला निघाला तर त्याला मागून मलमल लावूनच शिवा, नाहीतर जरीच्या वजनाने तो ओढला जातो.

आता रंग. बाराव्या शतकाच्या शेवटी, पोप होण्याआधी, तिसरे इनोसंट यांनी रोममधली रीत लिहून ठेवली, तिच्यात पांढरा, लाल, हिरवा आणि काळा असे चार मुख्य रंग आहेत आणि जांभळा काळ्याच्या जोडीने येतो. १५७० च्या मिस्साग्रंथाने ही व्यवस्था पक्की केली. आजची रीत साधारण अशी आहे की नाताळ आणि पुनरुत्थानकाळ, प्रभूचे दुःखसहनाखेरीजचे सण, पवित्र मरियेचे आणि रक्तसाक्षी (श्रद्धेसाठी प्राण दिलेले) नसलेल्या संतांचे सण यांना पांढरा रंग वापरतात. झावळ्यांचा रविवार, शुभ शुक्रवार, पेन्टेकॉस्ट (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण), प्रेषितांचे आणि रक्तसाक्षींचे सण यांना लाल, नाताळाआधीचा आगमनकाळ आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ यांना जांभळा, आणि उरलेल्या सामान्यकाळाला हिरवा. वर्षात दोनच रविवारी, आगमनकाळाच्या तिसऱ्या आणि उपवासकाळाच्या चौथ्या, गुलाबी चालतो. तो फिका गुलाबी असावा, दुकानदार जो राणी कलर म्हणून पुढे करतो तो नव्हे. जांभळ्याचेही तसेच आहे. वांगी रंग चालेल, पण मॅजेंटाकडे झुकणारा नको.

तुमच्या तारखेला एखाद्या रक्तसाक्षीचा सण किंवा २५ एप्रिलचा संत मार्कचा सण येत असेल तर फादरांना विचारून घ्या. तसे काही नसेल तर रंग पांढरा. मी पांढराशुभ्र घेत नाही, किंचित साईसारखा घेतो, कारण आल्ब पांढरा असतो आणि दोन वेगळे पांढरे एकावर एक आले की एक मळका दिसतो. सणाच्या दिवशी पांढऱ्याच्या जागी सोनेरी चालतो, मात्र जांभळ्या किंवा काळ्याच्या जागी सोनेरी चालत नाही. घरच्यांना दुसरे वस्त्र देणे शक्य असेल तर ते हिरवे द्या. सामान्यकाळ वर्षात ३३ किंवा ३४ आठवड्यांचा असतो आणि त्याचा मोठा भाग आपल्याकडे पेरणीपासून कापूस वेचणीपर्यंत चालतो. गुरुदीक्षेचे पांढरे वस्त्र कपाटात जपले जाते, पण नवा फादर लोकांना सर्वांत जास्त वेळा दिसतो तो हिरव्यात.

भगवा या यादीत नाही. त्याबद्दल तुम्ही जे कुठेतरी ऐकले असेल त्याचे मूळ असे आहे: १९६९ मध्ये भारतासाठी बारा बदलांना रोमची मान्यता मिळाली, त्यांत पादत्राणे काढणे, पंचांग प्रणाम, मेणबत्तीऐवजी समई यांच्या बरोबरीने असेही होते की पारंपरिक वस्त्रांऐवजी झग्यासारखे एकच चॅझुबल आणि त्यावर स्टोल, म्हणजे अंगवस्त्र, वापरता येईल. काही आश्रमांत आणि धर्मग्रामांत त्यातूनच भगवी शाल आली. हे कुठे आणि कितपत पाळायचे ते बिशप ठरवतात. गुरुदीक्षा तर बिशपच देतात, तेव्हा त्यांच्या कार्यालयाला न विचारता भगवा शिवू नका. आणि नुसत्या शर्टपँटवर स्टोल घालून मिस्सा करणे हे कोणत्याच नियमात बसत नाही. बिशपांनी वरची भारतीय पद्धत मान्य केलेली नसेल तर आल्ब, स्टोल, वर चॅझुबल हा क्रम परंपरेने आलेला आहे आणि तो तसाच ठेवायचा.

शिवणाचे म्हणाल तर माप हात पसरून घ्या, कारण पुरोहित बहुतेक प्रार्थना हात पसरून म्हणतो. एका हाताच्या मनगटापासून दुसऱ्या मनगटापर्यंत साधारण ६० इंच भरते, उंची मानेपासून गुडघ्याखाली वीतभर. ४४ इंच पन्ह्याचे कापड असेल तर साडेपाच मीटर घ्या, म्हणजे जोड मधोमध येईल आणि काठाखाली झाकला जाईल. सुती असेल तर कापण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा. मुंबईच्या दुकानातले जड ब्रोकेड आपल्या एप्रिलला नको, सुती किंवा सुती-रेशमी घ्या आणि अस्तर लावायचेच झाले तर फक्त खांद्यापर्यंत लावा. आधी मांजरपाटाचा नमुना शिवून भावाला घालायला सांगा, त्याला हात वर करायला लावा आणि बाजूचे कापड टेबलावरच्या पेल्याला लागते का ते पाहा. स्टोल आल्बच्या घेराच्या वरच संपला पाहिजे. त्याच्या मानेच्या जागी काढून धुता येईल अशी पांढरी पट्टी टाचा, कारण केसांच्या तेलाचा डाग तिथेच बसतो. सगळे तयार झाल्यावर वापरण्याआधी फादरांकडून आशीर्वादित करून घ्या.

शेवटची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. गुरुदीक्षेत दीक्षेच्या प्रार्थनेनंतर एखादे पुरोहित भावाचा तिरका स्टोल सरळ करतील आणि त्याला चॅझुबल घालतील, आणि त्यानंतर लगेच बिशप त्याच्या तळहातांना क्रिझम तेल लावतील. ते ऑलिव्हचे सुगंधी तेल असते आणि नव्या कापडावर पडले तर डाग जात नाही. त्यासाठी हात पुसायला एक कोरा सुती टॉवेल लागतो. तो टॉवेल नंतर आईला देण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे, आणि आई वारली की तो तिच्यासोबत पेटीत ठेवतात. शालूचे रेशीम तपासात टिकले नाही तर आईने निराश होऊ नये, हा टॉवेल तिने शिवावा. हातभर लांब, वीतभर रुंद, कडा दुमडून हाताने घातलेली बारीक टीप, आणि कोपऱ्यात हवा तर पांढऱ्याच दोऱ्याचा छोटा क्रूस. कापड मात्र दोनदा धुऊन मऊ करून घ्या, कोरे कापड तेल टिपत नाही.